चौथ्या पानावरचं उदाहरण

मंगळवारी सकाळी सव्वादहाला कळलं. तेव्हा त्याच्या एका हातात चहाचा कागदी कप होता आणि दुसरा माउसवर. फोल्डर उघडला होता आणि त्यात दोनच चित्रं होती. एक ऑफिसच्या हजेरीच्या पानाचं आणि एक रिकाम्या डेस्कटॉपचं. काल संध्याकाळी निघताना त्याच फोल्डरमध्ये एक हजार तीनशे अठरा चित्रं होती. हा आकडा त्याला पाठ होता, कारण रोज निघताना तो पाहूनच जायचा, जसं घराला कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघावं तसं. चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणाऱ्या माणसासारखं त्याला आधी वाटलं की आपणच चुकीच्या ठिकाणी बघतोय. फोल्डर मिटून पुन्हा उघडला. दोनच. शेजारच्या खिडकीत एजंटने लिहून ठेवलेला अहवाल होता, तीन ओळींचा. सूचनेप्रमाणे फोल्डर रिकामा केला. दोन चित्रं घेतली. काम पूर्ण.

“काय झालं मास्तर?” पलीकडच्या टेबलावरून प्रोग्रामरने विचारलं. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांमधल्या आणि मेलमधल्या चुका दुरुस्त करायची खोड असल्यामुळे ऑफिसात त्याला मास्तरच म्हणत.

“फोल्डर रिकामा दिसतोय.”

“रिकामाच दिसायला पाहिजे! पास झाली की रात्री तुमच्या कॉम्प्युटरवर लावलेली चाचणी. तुमचं पान वाचून गडी एका फटक्यात बरोबर चालला. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पुस्तिका वाचून वागणारा पहिल्यांदाच भेटला बघा.” आणि प्रोग्रामर मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. त्याला काय माहीत त्या फोल्डरमध्ये काय होतं. मास्तरही हसल्यासारखा झाला. चहा हातात निवत चालला होता आणि कप ठेवायला टेबलावर जागा असूनही तो ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

काम साधं होतं. पडद्याचं चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, घेणारं एक छोटं साधन प्रोग्रामरने बनवलं होतं आणि त्याची माहितीपुस्तिका मास्तरने लिहायची होती. फरक एवढाच की हे साधन माणसांसाठी नव्हतं, एजंटांसाठी होतं. एजंट म्हणजे माणसाच्या वतीने कॉम्प्युटर चालवणारे प्रोग्राम. पहिल्या दिवशी एजंट म्हटल्यावर मास्तरला विम्याचाच आठवला होता, बायकोचा एक चुलतभाऊ, जो आला की दाराला कडी लावून घ्यावीशी वाटायची. या एजंटला डोळे नसतात. पडद्यावर काय आहे हे कळायला त्याला चित्र घ्यावं लागतं, ते पाहून बटण कुठे आहे हे ठरवावं लागतं, बटण दाबल्यावर पुन्हा चित्र घ्यावं लागतं. आंधळ्याने पावलागणिक काठी टेकावी तसं. आणि काठी कशी धरायची हे तो मास्तरने लिहिलेल्या पानांतून शिकणार. पूर्ण पडदा घ्यायचा तर काय लिहायचं, एकच खिडकी घ्यायची तर काय, पान हलायचं थांबेपर्यंत किती वेळ वाट बघायची. आणि चौथ्या पानावर हे, की जुनी चित्रं नव्यांत मिसळून गोंधळ होऊ नये म्हणून कामाच्या सुरुवातीला फोल्डर रिकामा करावा. खाली उदाहरण. उदाहरणात फोल्डरचं नाव. ते नाव त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचं होतं.

खोटं उदाहरण लिहायचं नाही, हा त्याचा नियम. तो त्याला बायकोने घालून दिला होता. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो एका मिक्सरच्या कंपनीत होता आणि आयुष्यातली पहिली पुस्तिका लिहून त्याने मोठ्या अभिमानाने घरी आणली होती. सोबत मिक्सरही. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि दिवसभर बारीक बघून तिचे डोळे संध्याकाळी लाल झालेले असायचे. तरी तिने पदर खोचून पुस्तिका उघडली. “मोठ्याने वाचते आणि लिहिलंय तेवढंच करते,” म्हणाली. ‘भांडे योग्य जागी ठेवा,’ तिने वाचलं, आणि भांडं उचलून फडताळात ठेवून दिलं. “अगं, मिक्सरवर!” “मग तसं लिही ना. माझ्या भांड्याची योग्य जागा फडताळच आहे.” पुढे ‘उदा. अमुक पदार्थ’ असं लिहिलं होतं. ते वाचून ती अशी हसली, की तिच्या डोळ्यांत आधीच असलेलं पाणी गालावर आलं. “अमुक कुठे मिळतो? किती घालू? बाजारात जाऊन आणू का आता?” मग डोळे पुसत गंभीर होऊन म्हणाली, “हे बघ. मी अडाणी आहे असं समजून लिही. पण मी अडाणी आहे असं मला वाटू देऊ नकोस.” चारचौघांत ती त्याला अहोजाहो करायची. त्याच्या लिखाणात चूक सापडली की तू.

तेव्हापासून एकतीस वर्षं प्रत्येक पुस्तिका आधी तिने चालवून पाहिली. धुलाई यंत्राची, भिंतीवरच्या घड्याळाची, हजेरी लावायच्या यंत्राची, पुढे पुढे सॉफ्टवेअरची. तो समोर बसून बोलायचं नाही असं ठरलेलं असायचं. फक्त ती कुठे थांबते ते बघायचं. तिची उजवी भुवई वर गेली की वाक्य लांब आहे. दोन्ही गेल्या की वाक्य चूक आहे. ओठ दुमडले की वाक्य बरोबर आहे पण तिला गंमत करायची आहे. नोकऱ्या बदलल्या, मुलगी मोठी झाली, दुसऱ्या शहरात जाऊन फिजिओथेरपिस्ट झाली, आणि हे दोघं आपले जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून ‘पुढे जा’ म्हणजे कुठे जा यावर भांडत राहिले. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. त्यानंतर लिहिलेली पहिलीच पुस्तिका ही. आणि वाचणारा मिळाला तोही तसाच, लिहिलंय तेवढंच करणारा. फक्त याला भुवया नव्हत्या. चूक असेल तरी थांबायचं त्याला माहीत नव्हतं.

चित्रं तिची होती. तिच्या फोनमधली. पडद्यावरची कुठलीच गोष्ट उद्या जागेवर असेल यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून दिसेल त्याचं चित्र घेऊन ठेवायची. दोन बटणं एकदम दाबायची, फोनचा ‘कच्’ असा आवाज यायचा, आणि ती निश्चिंत व्हायची. “अगं, बसचं वेळापत्रक काय पळून जाणार आहे?” “बस पळून जाते, वेळापत्रक का नाही जाणार?” ती गेल्यावर दीड महिन्याने फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण उचललं गेलं. मोबाइल दुरुस्तीवाल्याने सगळं काढून मास्तरच्या लॅपटॉपवर घालून दिलं आणि म्हणाला, “काका, हा घरात ठेवू नका, पेटेल एखाद्या दिवशी.” तो फोन तिथेच देऊन आला. फोटो मुलीकडे आधीच होते, लग्नाबारशातले, सहलीचे. ही पडद्याची चित्रं तेवढी नव्हती. मुलगी म्हणाली होती, “बाबा, मलाही पाठवा ना सगळी.” तो म्हणाला होता, “पाठवतो गं. आधी मी एकदा बघून घेतो.” मग दर आठवड्याला ती आठवण करायची आणि दर आठवड्याला तो पाठवतो म्हणायचा.

तो अप्पलपोटेपणा होता, हे त्याला तेव्हाही कळत होतं. एकदा पाठवली की ती सगळ्यांची झाली असती. मुलगी रात्रीत सगळी बघून मोकळी झाली असती, म्हणाली असती, बाबा, ते पाहिलं का, हे पाहिलं का. त्याला ती पुरवून पुरवून बघायची होती. दिवसाला चारच. सर्वांत जुनं आधी, मग क्रमाने. घरी बघवेना, कारण घरी बघितलं की नंतर दोन तास हातून काही व्हायचं नाही. म्हणून त्याने ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, या साधनाच्या चाचणीच्या फोल्डरमध्ये आणून ठेवली. खूप चित्रं असताना यादी नीट लागते का हे तपासायला चित्रं हवीच होती, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर चार चित्रं. कुणी मागून गेलं तर मास्तर कामातच दिसायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तरी तीन महिने कुणी काही विचारलं नाही. लॅपटॉपवर जागा नाही म्हणून तिथून ती काढूनही टाकली होती. त्याने, स्वतःच्या हाताने.

चित्रांत तसं काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणी पाहिली असती तर कचरा म्हणून पुसली असती, आणि खरं तर तसंच झालं. बसच्या वेळा. हवामान, छत्रीचं चिन्ह. दातांच्या डॉक्टरची वेळ. पडद्याचा चुकून घेतलेला अर्धा भाग. अंगठा चुकून लागल्याने आलेलं घड्याळ, अकरा बेचाळीस. पण प्रत्येक चित्राच्या वर ती बारीक पट्टी असायची, वेळ आणि बॅटरी, आणि तो आधी पट्टी वाचायचा. बॅटरी नऊ टक्के. बॅटरी चौदा. बॅटरी सहा. वीसच्या वर क्वचितच. त्यावरून तो कितीदा चिडला होता, फोन लागत नाही म्हणून, आणि ती म्हणायची, “सहा टक्क्यांत अजून सहा गोष्टी होतात.” दुपारी सव्वातीन असेल तर ती दुकानात, मागच्या खोलीत, काच घासायचं चाक थांबवून जरा बसलेली. सव्वासहा असेल तर थांब्यावर. चित्रात ती कुठेच नव्हती आणि तिने काय बघितलं ते तेवढं होतं. फोटोत माणूस समोर असतो, आपल्याकडे बघत. इथे तो तिच्या मागे उभा राहून खांद्यावरून डोकावत होता, आणि ती नेहमीसारखं “मान मोडेल, बस इथे” म्हणत नव्हती.

प्रोग्रामरला अखेर सांगावंच लागलं. साडेअकरा वाजता, उभ्या उभ्या, कागदी कप तसाच हातात. “त्यात घरची चित्रं होती. बायकोची.” प्रोग्रामरचं हसू कुठल्या कुठे गेलं. खुर्ची ओढून तो मास्तरच्या टेबलाशी बसला आणि दोन तास उठला नाही. कचरापेटी पाहिली. साधन कचरापेटीत टाकतच नव्हतं, थेट पुसत होतं. ते त्यानेच तसं बनवलं होतं, वेग यावा म्हणून. ऑफिसच्या रोजच्या प्रतींत पाहिलं. या फोल्डरची प्रत घेऊ नये असं त्यानेच सांगून ठेवलं होतं, हजारो फालतू चित्रं साठतात म्हणून. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम चालवला. त्यातून जुन्या चाचण्यांचे करड्या रंगाचे तुकडे निघाले, तिचं एकही नाही.

“मास्तर, माझंच चुकलं. विचारायला पाहिजे होतं यंत्राने.”

“यंत्राने लिहिलंय तेच केलं. लिहिलं मी.”

“तुम्ही खोटं नाव टाकायचं ना उदाहरणात! अबक, काहीही. सगळे टाकतात.”

हात दाखवून अवलक्षण, असं त्याची आई म्हणायची. इतकी वर्षं खरी उदाहरणं लिहिली म्हणून त्याच्या पुस्तिका लोकांना कळल्या, त्यावर नोकऱ्या मिळाल्या, आणि त्याच खरेपणाने आता त्याचं घर साफ करून दिलं. मॅनेजरबाई मधेच येऊन म्हणाल्या, चाचणी पास झाल्याचं ऐकलं, छान, सोमवारी पुस्तिका पाठवून देऊ. प्रोग्रामरने डोळ्यांनी त्यांना काहीतरी खुणावलं आणि त्या हळूच निघून गेल्या. त्या हळूच गेल्यावर मास्तरने हातातला कप टेबलावर ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच.

त्याला जे आठवत होतं ते वेगळंच. तो क्रमाने बघत होता, जुन्यापासून. तीनशेपर्यंत आला होता, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापर्यंत. शेवटचं वर्ष पुढे होतं. दवाखान्यातले तीन आठवडे अगदी टोकाला. तेव्हा ती उशीला टेकून फोन हातात धरून असायची आणि मधूनच तो आवाज यायचा. कच्. बोटं सुजली होती, दोन बटणं एकदम दाबायला तिला दोन्ही हात लागायचे. तो बाजूच्या स्टुलावर बसून फळ कापत असायचा किंवा नर्सची वाट बघत असायचा. कसलं चित्र घेतलंस, हे त्याने एकदाही विचारलं नाही. का विचारलं नाही? तेव्हा वाटायचं, घेऊ दे, तेवढाच विरंगुळा. एकदा तिने घेतलं आणि पडद्याकडे बघून ओठ दुमडले, गंमत करायची असली की दुमडायची तसे. त्याने ते पाहिलं आणि सुरी धुवायला उठला. ते चित्र त्या फोल्डरमध्ये होतं. तिथवर पोचायला त्याच्या हिशोबाने अजून दहा महिने लागणार होते, आणि खरं सांगायचं तर पोचायची त्याला घाई नव्हती. पुढे काहीतरी आहे, हे पुरत होतं. कालची चार पाहून उठताना क्षणभर वाटलं होतं की आज एकदम टोकाला जावं, तेवढं एक शोधावं. मग म्हणाला, नको, क्रमाने.

घरी आला तेव्हा उजेड होता. बूटसुद्धा न काढता टेबलाशी बसला आणि मुलीला फोन लावला, कारण बूट काढले असते तर मग चहा, मग कपडे, मग उद्या.

“बाबा? आज तुम्हीच केलात! थांबा, एक पेशंट जातोय… हं, काकू, रोज वीस वेळा, बरं का, मोजून. हं, बोला. पाठवलीत का?”

“नाही.”

“मला वाटलंच. तुमच्या हातून कागद सुटत नाही, चित्रं काय सुटणार.”

“चित्रं गेली. पुसली गेली सगळी. माझ्या चुकीने.”

त्याने सगळं सांगितलं, पुस्तिका लिहावी तसं, आधी काय, मग काय, त्याने काय झालं. मग ती म्हणाली, “फोन?”

“तो तेव्हाच दिला.”

“म्हणजे तुम्ही एकट्यानेच पाहिलीत.”

“सगळी नाही. तीनशे.”

“शेवटची? दवाखान्यातली?”

“तिथवर पोचलो नव्हतो.”

“मग ती कोणीच नाही पाहिली.” तिचा आवाज फाटला. “मी दर आठवड्याला मागत होते, बाबा. भीक मागितल्यासारखी. माझी आई नव्हती का ती?” आणि फोन बंद झाला. तो तसाच बसून राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार. समोरच्या खुर्चीकडे बघायचं त्याने टाळलं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी “येऊ दे, येऊ दे, बस” म्हणत होतं.

पाऊण तासाने तिचाच फोन आला. नाक चोंदलेलं होतं. “सांगा,” म्हणाली.

“काय?”

“पाहिलेली. पहिल्यापासून. तुमचं तर कामच आहे ना ते, पडद्यावर काय दिसतं ते सांगायचं? मग मला सांगा. नीट. काही गाळायचं नाही.”

त्याला आधी जमेना. मग त्याने डोळे मिटले आणि पहिलं चित्र समोर आणलं. “वर डाव्या कोपऱ्यात वेळ, आठ वाजून दहा मिनिटं. सकाळ. बॅटरी अकरा टक्के.”

“सकाळी अकरा? रात्रभर चार्जिंगला लावायची नाही का ही बाई!”

“खाली बसचं वेळापत्रक. तिसरी ओळ बोटाने जरा सरकली आहे म्हणून पुसट दिसते.” दुसरं. तिसरं. सातव्याला तो अडखळला. बॅटरी किती होती ते आठवेना आणि तोंडातून तेरा निघत होतं. तेरा म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं. “आकडा आठवत नाही,” तो म्हणाला. “नाही आठवत तर नाही म्हणा, चालेल,” ती म्हणाली. नववं सांगताना त्याला थांबावं लागलं. “हे तुझं आहे. तू हॉस्टेलला पोचल्यावर पाठवलेला निरोप. ‘पोचले’. एवढंच. बाकी पडदा रिकामा.”

“त्याचं चित्र कशाला घेतलं तिने? निरोप तर फोनमध्येच होता.”

“काय माहीत. तशी बरीच आहेत. प्रत्येक वेळी तू पोचलीस की एक. मी पाहिलेल्यांत एकोणीस होती.”

मग ती म्हणाली, “एकोणीसही वेगवेगळी सांगायची. एकदम गुंडाळायची नाहीत.” तो बरं म्हणाला. त्या संध्याकाळी बारा झाली. मग तिला स्वयंपाकाला उठायचं होतं आणि त्याच्या पायांत अजून बूट होते.

बुधवारी त्याने चौथं पान पुन्हा लिहायला घेतलं. आधी लिहिलं, महत्त्वाच्या फाइल्स असतील तर फोल्डर रिकामा करू नये. मग ते वाचून पाहिलं, बोट धरून, मोठ्याने, प्रोग्रामरने मान वर केली तरी. महत्त्वाच्या म्हणजे कुठल्या, हे एजंटला कसं कळणार? तीन वर्षांपूर्वीच्या बसच्या वेळा. कुणीतरी सुखरूप पोचल्याचा निरोप. ज्याने घेतलं त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, आणि कधी कधी त्यालाही नाही. ते वाक्य त्याने खोडलं. दुपारपर्यंत अजून चार खोडली. शेवटी लिहिलं, फोल्डरमध्ये आधीपासून काहीही असेल तर तो रिकामा करू नये. आधी माणसाला विचारावं. विचारायला माणूस नसेल तर थांबावं.

प्रोग्रामरने वाचलं आणि डोकं खाजवलं. “मास्तर, अशाने एजंट नुसता थांबूनच राहील की. काम अडेल लोकांचं.”

“अडू दे.”

“बाईंना काय सांगू?”

“मी सांगतो.” आणि त्याने खरंच जाऊन सांगितलं. बाईंनी वाचलं, मान हलवली, ठेवा म्हणाल्या. उदाहरणातलं फोल्डरचं नाव मात्र त्याने बदललं नाही. ते खरंच होतं. तिथे आता दोन चित्रं होती, तीही कुणाची तरी असतील म्हणून त्याने ठेवली.

मुलगी रोज सात वाजता फोन करते. ती ऐकताना लिहूनही घेते, पेनाचा आवाज येतो. कधी मधेच हसते, कधी म्हणते, हे खोटं वाटतंय, आई असं कधी बघायची नाही, आणि मग त्यांचं भांडण होतं. काल एका चित्रावरून, छत्रीचं चिन्ह होतं की ढगाचं, वीस मिनिटं गेली. रविवारपर्यंत अठ्ठेचाळीस सांगून झाली. त्यातल्या पाच चित्रांपुढे ‘आकडा आठवत नाही’ असं तिने लिहिलं आहे. अडीचशेच्या वर सांगायची राहिली आहेत. दवाखान्यातल्या त्या एका चित्राबद्दल, ओठ दुमडले होते त्याबद्दल, तिला अजून सांगितलेलं नाही.